सासूचा तवा

‘तवा पाठवू नका यंदा,’ ग्लेब फोनवर म्हणाला, तेव्हा रिम्मा पावलोव्ना तवाच पुसत होती. फोनची वायर ताणून ती स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत आणायची तिची जुनी सवय. रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यावर धरलेला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, आणि त्यावर तो बिडाचा सात उथळ खळग्यांचा तवा, जाड मिठानं घासून काळा कुळकुळीत झालेला. तिचा हात तिसऱ्या की चौथ्या खळग्यात थांबला.

‘काय म्हणालास?’

‘म्हणजे उद्या तुम्ही यायचंच आहे, ते ठरलेलंच. फक्त तवा नको. झोयानं नवा आणलाय. उगाच तुम्हाला ओझं.’

‘ओझं कसलं रे? बारा नंबरच्या ट्रॉलीबसमधून तूच तर नेतोस दर वर्षी.’

‘हो, तेच. म्हणजे...’ ग्लेब अडखळला. हा माणूस पुलांचे आराखडे काढतो, पण दोन वाक्यं जोडायची म्हटली की मधला खांब पडतो, असं रिम्माची लेक नोन्ना म्हणायची. ‘यंदा राहू दे ना, रिम्मा पावलोव्ना.’

‘राहू दे की,’ ती म्हणाली, आणि तिचं तिलाच कळायच्या आत पुढचंही बोलून गेली, ‘नाहीतरी माझा घसा धरलाय. उद्या जमेलसं दिसत नाही. तुम्ही दोघं करा मजेत.’ पलीकडं तो काहीतरी म्हणत होता, डॉक्टर, मध, असं काहीतरी; तिनं ‘बरं, बरं’ म्हणत फोन ठेवला. घसा ठणठणीत होता. तिनं तो उगाच खाकरून पाहिला.

ईस्टरच्या उपासाआधीच्या लोण्याच्या आठवड्यातल्या शुक्रवारी जावयानं सासूला धिरडी खायला बोलवायचं, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. पण आदल्या दिवशी सासूनं आपला तवा, पळी आणि पीठ भिजवायचं भांडं जावयाच्या घरी धाडायचं, ही त्यातली खरी गंमत रिम्माच्या माहेरी कोस्त्रोमाकडं पाळत असत, आणि यारोस्लाव्लमध्ये तिच्याशिवाय कुणी पाळत असेल असं तिला वाटत नव्हतं. पाहुणी येणार ती, आणि भांडी आधी पोचणार! लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हे ऐकून ग्लेब खो खो हसला होता. मग गुरुवारी संध्याकाळी खांद्याला पिशवी लावून आला, जिना चढून धापा टाकत म्हणाला, ‘सासूचं सामान न्यायला आलोय, पावती द्या.’ नोन्ना खाली बर्फात उभी राहून वरच्या खिडकीकडं बघत हात हलवत होती. मग नोन्ना गेली. दोन हिवाळ्यांपूर्वी, रक्ताच्या आजारानं, इतक्या भरभर की नव्या वर्षाचं झाड अजून उतरवलेलंही नव्हतं. त्यानंतरच्या लोण्याच्या आठवड्यात रिम्मानं तवा कपाटातून काढलाच नाही. गुरुवार उजाडला, संध्याकाळ झाली, आणि दाराची बेल वाजली. दारात ग्लेब, खांद्याला तीच पिशवी. दाढी वाढलेली. ‘सामान,’ एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला गॅसजवळ फिरकू दिलं नाही, स्वतःच धिरडी घातली, एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची, आणि दोघांनी ती खारवलेल्या मासळीबरोबर, आंबट सायीबरोबर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत खाल्ली. नंतर ते पाणी कशाचं होतं, याचा विचार तिनं केला नाही. तवा नेला, तवा आणला. मधे कुणी नसलं तरी ती सासू होती आणि तो जावई. गेल्या वर्षीही तसंच. म्हणजे आता जे काही नातं उरलं होतं ते या लोखंडाच्या तुकड्याला धरून होतं, आणि ते तिला आजवर कळलं नव्हतं.

झोयाबद्दल त्यानं सप्टेंबरातच सांगितलं होतं, मान खाली घालून, कोबीच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवत. तिनं म्हटलं, ‘चांगलं झालं, ग्लेब. एकट्यानं काय राहायचं.’ आणि ते मनापासून म्हटलं होतं, निदान नव्वद टक्के. माणूस एकटा राहिला की भिंतीशी बोलायला लागतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! झोयाला तिनं एकदा बाजारात लांबून पाहिलं होतं, बटाट्याच्या रांगेत. उंच, लाल नाकाची, पुरुषी बूट घातलेली. व्होर्कुताकडची, कोळशाच्या खाणींच्या गावची, असं ग्लेब म्हणाला होता. नोन्नासारखी ती कुठूनच दिसत नव्हती, आणि रिम्माला त्यावर हायसंही वाटलं होतं आणि रागही आला होता.

फाइना शेजारच्या दारातून डोकावली तेव्हा तवा टेबलावरच होता. ‘अगं बाई, अजून इथंच? तुझा हमाल आला नाही वाटतं?’

‘यंदा नकोय म्हणे त्यांना. नवा घेतलाय.’

‘नवा तवा!’ फाइनानं भुवया टोपीच्या आत घालवल्या. ‘नवी बाई, नवा तवा. तरी मी तुला म्हणत होते, रिम्मा, आधी भांडी नको होतात, मग भांड्यांची मालकीण. माझ्या बहिणीचं काय झालं ते सांगितलंय ना तुला?’

‘चारदा सांगितलंयस.’

‘मग पाचव्यांदा आत्ताच ऐक,’ असं म्हणून फाइना स्टुलावर बसलीच, चहा प्याली, बहिणीचं सगळं पुन्हा सांगितलं आणि जाताना एक अंडं उसनं घेऊन गेली. रिम्मानं दार लावलं. फाइनाच्या जिभेला हाड नाही हे खरं, पण तिचं बोलणं काट्यासारखं आत राहतं आणि बोटानं चाचपलं तरी सापडत नाही. जावयाची बायको मेली की जावई कुणाचा? कुणाचाच नाही. सरकारी कागदावर तर तो मागंच परका झाला असणार. कुणी विचारलं, ‘हे तुमचे कोण?’ तर ती काय सांगणार होती? मुलीचा नवरा म्हणावं तर मुलगी नाही. आणि आता नवराही दुसरीचा.

तरी तिनं पीठ आंबवायला घातलं. कशासाठी, हे हातांना विचारून उपयोग नव्हता. दर वर्षी लोण्याच्या आठवड्यात हात तेच करत आले होते. दूध कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिली, त्यात यीस्टचा करडा तुकडा चुरला. त्याचा वास आला, ओल्या पोत्याचा आणि बीअरचा, आणि त्या वासाबरोबर नोन्ना सहा वर्षांची होऊन नाक चिमटीत धरून उभी राहिली. ‘आई, हे जिवंत आहे?’ ‘आहे.’ ‘मग त्याला गरम तव्यावर दुखत नाही?’ यावर आपण काय उत्तर दिलं होतं, ते रिम्माला आठवेना. थिएटरच्या शिवणखात्यात त्या दिवसांत रात्रंदिवस काम असायचं, राण्यांचे झगे आणि शिपायांचे डगले, आणि घरी आलं की पोरीचे प्रश्न. अर्ध्याअधिक प्रश्नांना तिनं ‘झोप आता’ हेच उत्तर दिलं असणार. कुट्टूचं पीठ चाळणीतून मऊ करडं पडत राहिलं. तिनं लाकडी पळीनं ते ढवळलं, टॉवेलानं झाकलं आणि भांडं रेडिएटरजवळ ठेवून दिलं. टॉवेलाखाली काहीतरी श्वास घेतंय अशी घरात सोबत झाली.

सकाळी पीठ काठाशी आलं होतं. वर बुडबुडे येत होते, फुटत होते, त्यांचा बारीक पुटपुट आवाज कान जवळ नेला तर ऐकू येत होता. इतक्या पिठाचं एकटीनं काय करायचं? तिनं त्यात गरम दूध ओतलं, बलक घातले, वितळलेलं लोणी घातलं, पांढरं फेसून हलक्या हातानं मिसळलं. मिठाचा डबा उघडला, चमचा भरला, आणि तेवढ्यात खाली अंगणात कुणीतरी ‘नोन्ना!’ अशी हाक मारली. दुसरी कुठलीतरी नोन्ना, लाल टोपीतली, घसरगाडी ओढत चाललेली. तिची आई तिला मोजे घालायला परत बोलावत होती. हातातलं सवयीनं ठेवून रिम्मा खिडकीशी जाऊन बघत राहिली. थंडी अडवायला दुहेरी काचांमध्ये पसरलेल्या कापसावर तिनं डिसेंबरात ठेवलेले रोवन झाडाचे लाल घोस सुकून गेले होते. पोरगी परत आली, आईनं तिला पायरीवर बसवून मोजे चढवले, एक चापट मारली, एक पापा घेतला. पलीकडं गोठलेल्या व्होल्गावर मासे धरणारे लोक भोकांशी बसले होते, जन्मभर तिथंच बसल्यासारखे. रिम्मा परत वळली तेव्हा मिठाचा डबा बंद होता आणि चमचा त्याच्या शेजारी होता. तिनं डबा फळीवर ठेवून दिला.

अर्धा कांदा काट्याला टोचून तिनं तेलात बुडवला आणि तव्याच्या खळग्यांतून फिरवला. चर्र आवाज झाला. पहिल्या खळग्यात पळीभर पीठ पडलं, पसरलं, कडेनं जाळी धरली. पहिलं धिरडं नेहमी एकटंच घालायचं, बाकीचे खळगे रिकामे ठेवून, हेही माहेरचंच. एके काळी ते नोन्नाचं असायचं. ती स्टुलावर चढून वाट बघत राहायची, बोटं भाजत तोंडात टाकायची आणि एखाद्या डॉक्टरीणबाईसारखी सांगायची, साखर जास्त, किंवा अजून जरा भाजू दे, किंवा बरोबर आहे. बाईमाणूस झाली, लग्न झालं, तरी पहिलं धिरडं तीच चाखायची, आणि ती ‘बरोबर आहे’ म्हणाल्याशिवाय रिम्मा दुसरं घालत नसे. आता पहिलं धिरडं खिडकीत ठेवायचं. गेलेल्या माणसाचं ते. ते कसं झालंय हे कुणी सांगत नाही, त्याला दोन वर्षं झाली. ग्लेब तर काय, समोर येईल ते खातो आणि वाहवा करतो. जावई सासूच्या हातच्या पदार्थाला नावं ठेवत नाहीत. तिनं ते उलटलं, निळ्या किनारीच्या बशीत घेतलं, वर लोण्याचा कण ठेवला आणि बशी खिडकीच्या कठड्यावर ठेवली. काचेवर वाफेचा छोटा गोल उमटला. ‘घे गं,’ ती म्हणाली. आणि मग, आवाज खाली आणून, जणू पलीकडच्या खोलीत कुणी ऐकेल, ‘त्यांनी तवा नको म्हटलंय, नोन्ना.’

बेल वाजली. फाइना असणार, अंडं परत द्यायला नाही तर दुसरं न्यायला. रिम्मानं गॅस बारीक केला आणि दार उघडलं. दारात ती उंच बाई उभी होती, भुवयांवर बर्फ, नाक लाल, छातीशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बरणी.

‘मी झोया,’ ती म्हणाली. ‘तुमचा घसा... ग्लेब म्हणाला. रासबेरीचा मुरंबा आहे. गरम पाण्यातून घ्यायचा. मी लगेच जाते, कामावर जायचंय दुपारी.’ मग तिचं नाक हललं. धिरड्यांचा वास जिन्यापर्यंत पोचला होता. तिनं रिम्माच्या कमरेच्या एप्रनकडं पाहिलं, पिठाच्या हातांकडं पाहिलं. ‘घसा बराय वाटतं आता.’

‘सकाळपासून उतार आहे,’ रिम्मा म्हणाली. गालांना चटका बसला. इतक्या वयात खोटं बोलताना पकडलं जायची सवय राहत नाही. ‘आत ये. दारात उभी राहू नकोस, उंबऱ्यावर बोलू नये.’

झोया आत आली, बूट काढले, जाड मोज्यांवर स्वयंपाकघरात येऊन स्टुलाच्या कडेवर बसली, एखादी वस्तू पाडू नये म्हणून हात मांडीवर घट्ट धरून. तिची नजर गॅसवरच्या तव्यावर गेली आणि तिथंच राहिली.

‘हाच का तो?’

‘हाच.’

‘मीच सांगितलं त्याला. तवा नको म्हणून.’ ती एकदम बोलू लागली, उतारावर सुटल्यासारखी. ‘तो म्हणाला गुरुवारी तवा आणायचा असतो. मी म्हटलं कुणाचा? म्हणाला सासूबाईंचा. सासूबाईंचा म्हणजे तिचाच ना, नोन्नाचा? तिनं धरलेला, तिच्या घरात फिरलेला. आता मी तो हातात घ्यायचा, आणि तुम्ही समोर बसून बघायचं? मला नाही जमणार ते. तुम्हालाही कसं वाटलं असतं? म्हणून म्हटलं, आपण आपला नवा आणू, त्यांच्या जिवाला त्रास नको. आणि हा शहाणा, त्यानं फोनवर काय सांगितलं देव जाणे.’

‘ओझं म्हणाला.’

‘ओझं!’ झोयानं कपाळाला हात लावला. ‘काल रात्रभर झोपला नाही. म्हणे, रिम्मा पावलोव्ना रागावल्या, घसाबिसा काही नाही. मी म्हटलं मग जा. तर म्हणे, काय बोलू? आणि तो नवा तवा! काल संध्याकाळी धिरडी करून बघितली. एकही सुटेना. मी आधी साबणानं घासघासून लख्ख केला होता.’

‘साबणानं?’ रिम्मा जवळजवळ ओरडलीच.

‘नको लावायचा? आमच्याकडं घरी कोण करतंय, आई खाणीवर, मी शाळेत, दोघी खानावळीत जेवायचो. सगळा लगदा झाला. ग्लेब चमच्यानं खरवडून खात होता आणि म्हणत होता, छान झालंय, छान झालंय.’

‘माझंही तो असंच खातो,’ रिम्मा म्हणाली, आणि तिला हसू आलं, नको असताना. कालचा राग थोडा उतरला. पण पूर्ण नाही. ही बाई चांगली आहे, हे कळणं एक आणि ही बाई नोन्नाच्या जागी बसली आहे, हे सोसणं दुसरं. चांगुलपणानं जागा रिकामी होत नाही की भरतही नाही. ‘बस. आलीस तशी दोन खाऊन जा,’ असं म्हणून ती सज्ज्यात गेली. आंबट सायीची बरणी आणि मासळीचं भांडं थंडीत बाहेरच ठेवलेलं असे. आणि नव्या वर्षापासून आजच्यासाठी लपवून ठेवलेला लाल गाबोळीचा डबाही. थंडीनं झाकणं गोठली होती. ती सोडवताना बोटं बधिर झाली. कांद्याची पात, उकडलेली अंडी, शेपू, सगळं आतच होतं. गाबोळीचा डबा घ्यावा की न घ्यावा, यावर ती क्षणभर घुटमळली, आणि शेवटी घेतला.

ती आत आली तेव्हा झोया खिडकीशी उभी होती. गाल फुगलेला, ती चावत होती. कठड्यावर निळ्या किनारीची बशी रिकामी होती. काचेवरचा वाफेचा गोल अजून विरला नव्हता.

रिम्माच्या हातातली बरणी तिथंच हवेत थांबली. कानात यीस्टच्या बुडबुड्यांसारखं काहीतरी फुटत राहिलं. तिला वाटलं, ओरडावं, हात धरून बाहेर काढावं. वाटलं, बशी उचलून फेकावी. सगळं घेतलंत तुम्ही, घर, माणूस, शुक्रवार, आता एवढं एक धिरडंही? आणि समोर झोया, बोटाला लागलेलं लोणी चाटत, थंडीतून आलेल्या भुकेल्या माणसासारखी साधी.

‘गार होत होतं म्हणून खाल्लं,’ ती घास गिळत म्हणाली. ‘काय हलकं झालंय! पण रागावणार नसाल तर सांगते. मीठ घालायचं राहिलंय तुमचं.’

रिम्मानं पिठाच्या भांड्याकडं पाहिलं, मग फळीवरच्या डब्याकडं. चमचा भरला होता, अंगणात हाक आली होती, ती खिडकीशी गेली होती. खरंच की. सगळं भांडंभर पीठ अळणी. बोट बुडवून तिनं जिभेला लावलं: काही नाही, नुसतं गोडसर, आंबूस, कुट्टूची कडसर चव. आणि तेच खिडकीत ठेवून तिनं पोरीला म्हटलं होतं, घे गं.

‘काही चुकलं का माझं?’ झोयाचा चेहरा उतरला होता. रिम्माच्या तोंडावर तिनं काय पाहिलं कोण जाणे.

‘चुकलं माझं,’ रिम्मा म्हणाली. ‘तो डबा दे. वरच्या फळीवरचा.’

मीठ घालून तिनं पीठ हलकेच खालीवर केलं. कांदा पुन्हा खळग्यातून फिरवला. पुन्हा एकच धिरडं घातलं, एकटं. झोया तव्याच्या अगदी जवळ येऊन वाकून बघत होती, हात पाठीमागं बांधून, दुकानात हात लावायची मनाई केलेल्या पोरासारखी. रिम्मानं धिरडं उलटलं, काढलं, दोन भाग केले, आणि अर्धं तिच्यापुढं धरलं.

‘चाख.’

झोयानं चाखलं. घाई केली नाही. डोळे बारीक करून, नीट चावून. ‘बरोबर आहे,’ ती म्हणाली.

ते दोन शब्द दोन वर्षांत कुणी म्हटले नव्हते. आवाज दुसरा होता, जाड, उत्तरेकडचा. ओढूनताणून तो नोन्नाचा करता येत नव्हता, आणि तसा करायची गरजही तिला वाटली नाही. मग तिनं सातही खळगे भरले. पहिलं सुटलेलं धिरडं निळ्या किनारीच्या बशीत ठेवलं, वर आंबट साय, सायीवर गाबोळीचे लाल दाणे, नोन्नाला आवडायचे तसे भरपूर, आणि बशी खिडकीच्या कठड्यावर नेऊन ठेवली.

झोयानं आधी बशीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. ‘हे कुणाला?’

‘नोन्नाला. पहिलं तिचं असतं.’

झोयाचा चेहरा पांढरा झाला. हात तोंडाशी गेला. ‘म्हणजे मघाचं... मी... अरे देवा, रिम्मा पावलोव्ना, मला माहीत नव्हतं, आमच्याकडं नसतं असं, मी...’

‘मघाचं अळणी होतं,’ रिम्मा म्हणाली. ‘तिनं तोंड वाकडं केलं असतं, मग मला दिवसभर चिडवलं असतं. तू चाखलंस म्हणून वेळेवर कळलं.’ तिनं मासळीचं भांडं झोयापुढं सरकवलं. ‘रडू नकोस गं. मासळी उघड. आणि फोन बाहेर आहे, ग्लेबला सांग, कामावरून थेट घरी ये म्हणावं, मी येतेय.’

‘आणि घसा?’

‘घसा म्हणावं मुरंब्यानं बरा झाला.’

झोया हसली, नाक पुसलं, आणि फोनकडं गेली. तिचा मोठा आवाज दारातून आत येत राहिला: ‘हो, इथंच आहे. अरे नाही रागावल्या. दुपारी कामाला सुट्टी टाकते मी. तुझं ओझं घेऊन येतोय आम्ही दोघी.’ रिम्मा धिरडी घालत राहिली, सात आणि सात, लोण्यात बुडवून, टॉवेलात झाकून. पीठ संपलं तेव्हा खिडकीतल्या धिरड्यावरची साय कडेनं गोठली होती. तवा गार झाल्यावर तिनं तो मिठानं पुसला, आणि कसा पुसायचा ते झोयाला दाखवलं, एकदा आपण, एकदा तिच्याकडून. मग जुन्या टॉवेलात गुंडाळून तिच्या हातात दिला.

‘धर. तो जड आहे, दोन्ही हात लाव.’